एक कैदी, एक चादर

थोरल्याने आपल्या कैद्याच्या सदऱ्याआतून फाडलेल्या चादरीच्या पट्ट्यांची, दोरासारखी वळलेली वेणी काढली आणि तुरुंगाच्या दवाखान्यात टेबलावर ठेवली.

"धाकट्याच्या उशाखाली सापडली, साहेब. माझा भाऊ आठ दिवस धड जेवला नाही, बोलला नाही. त्याला डॉक्टरांना दाखवा."

जेलरसाहेबांनी त्या पट्ट्या पेनाच्या टोकाने उलटून पाहिल्या. साहेब मनाने वाईट नव्हते. कैद्यांच्या आयांची पत्रं स्वतः वाचून दाखवत. पण डोंगराकडच्या माणसांविषयीचं त्यांचं मत लहानपणीच पक्कं झालं होतं.

"अरे, तुम्ही दगड पचवणारी माणसं. तुम्हाला कसला आलाय मनाचा आजार? राग डोक्यात गेलाय त्याच्या, दुसरं काही नाही."

दवाखान्यातल्या सिस्टरांना राहवलं नाही. "साहेब, मागच्या महिन्यात बराकीतल्या त्या मास्तरांनीही अशीच चादर फाडली होती. त्यांना आपण तासाभरात मोठ्या इस्पितळात पाठवलं."

"मास्तर आपल्यातले, सिस्टर. हळवा माणूस. त्यांची गोष्ट वेगळी."

टेबलावर दोन वह्या होत्या, आजाराची आणि शिस्तीची. साहेबांनी शिस्तीची ओढली. सरकारी चादर फाडली, असं लिहिलं; पुढे शिक्षा, पंधरा दिवस एकट्याची कोठडी. पुरावा आयताच समोर होता.

आपण भावाच्या पायावर धोंडा पाडला, हे थोरल्याला तेव्हा कळलं. "साहेब, काय वाटेल ती शिक्षा करा. पण त्याला एकटा नका ठेवू."

साहेब उठलेही होते. सिस्टर आजाराच्या वहीवर हात ठेवून बसून राहिल्या. सहीचा अधिकार त्यांना नव्हता. तरी त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

आता नियम. एक कैदी, एक चादर. कोठडीतल्यालाही ती मिळायलाच हवी. कपड्यांच्या कोठारात त्या दिवशी थोरल्याचंच काम होतं. हवालदाराने फळीवरून कोरी चादर काढून त्याच्या हातात दिली.

"जा, देऊन ये भावाला."

थोरल्याने तिचा काठ दोन्ही हातांनी ताणून पाहिला. पुन्हा एकदा, जोर लावून. मग चादर फळीवर परत ठेवली.

"दादा, एखादी विरलेली नाही का?"

"कोरी देतोय तर विरलेली मागतोस?" हवालदार हसला. "तुमच्या लोकांना चांगलं काही मानवतच नाही बघ."