अंगठा

कोंडी कुंभिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. एके दिवशी तिच्या वाडीवर पोलीस आले. तिच्या आधारकार्डावर कुणीतरी सिम घेऊन लोकांना फसवलं होतं. कार्डाची झेरॉक्स तर तिने फक्त कारखान्यात दिली होती.

ती जाब विचारायला गेली, तेव्हा मॅनेजरने तिला उभंच ठेवलं. "आमच्याकडून कुणाची माहिती फुटलेली नाही," म्हणत त्याने सही-शिक्का मारलेला एक छापील कागद टेबलावरून पुढे सरकवला. "यावर अंगठा दे, विषय संपव."

"काय लिवलंय, सायेब?"

"तुला सांगून कळणार आहे का?"

"मंग घरी नेते. नवऱ्याला दावते."

मॅनेजर क्लार्ककडे बघून हसला. "ने की! अख्ख्या वाडीला दाखव. कुणाला एक ओळ जरी लागली, तर येऊन सांग मला."

कोंडी घरी गेलीच नाही. तिने थेट खालापूरचं कोर्ट गाठलं. तिथे गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या वकील अनम यांनी कागद वाचला: 'कंपनीच्या कॉम्प्युटरमधून माझी आधारची माहिती चोरीला गेल्याचे मला कळवले आहे. माझी कंपनीविरुद्ध काही तक्रार नाही.'

"कोंडीताई, अंगठा दिला नाहीत ना?"

"नाय."

"छान. चोरी झाल्याचं त्यांनीच लिहून दिलंय. पोलिसांना आणि कोर्टाला हाच कागद दाखवू. पण असला कागद त्यांनी तुमच्या हातात दिलाच कसा?"

"मला वाचता येतं का," कोंडी म्हणाली, "ते त्यांनी इचारलंच नाय."