कपाटातली राणी

देवासच्या देवळात पूजा करणारे भाऊ सुनेवर रोज चिडायचे, "विद्युल्लता, ओट्यावरच्या मुंग्या कमी होत्या, म्हणून ही आणखी पाळलीस?" कपाटातल्या अंधारात, काचेच्या नळीत, राणीमुंगी आपली अंडी जपत बसली होती.

आज सकाळी सून ओरडली, "भाऊ, झाल्या! राणीला मुंग्या झाल्या!"

भाऊ न्हाणीघरातून ओलेत्यानेच धावले. भिंग डोळ्याला लावून बघतच राहिले.

"या कामकरी. कामकरी सगळ्या मुलीच असतात," सून म्हणाली.

भाऊंनी लगेच देवळातल्या सोबत्याला फोन लावला. "अंशुल भिया, दहा दिवस पूजा तुम्हीच सांभाळा. आमच्याकडे सोयर आहे."

"अरे वा! बेटा हुआ के बेटी?"

"मुली!" भाऊ ओरडले. "सगळ्या मुलीच!"