चमच्यावरची सहा अक्षरं

"गाय? गाय कशी शिवी व्हईल, भावजी?" नागम्मानं विचारलं.

"रशियात व्हती," बिरदेव म्हणाला. "बेअकली बाईला तिकडं करोवा म्हणतात. करोवा म्हंजे गाय."

"गाईची नको. दुसरी सांगा."

"मग मिम्रा घ्या. आंबट तोंडाची, कुणाला नको असलेली बाई."

"मिम्रा." ही तिला पटली.

बिरदेवची बायको सत्यभामा सुपात तूर पाखडत होती. "वैनी, घालणार कुणाला ह्या शिव्या? जळकोटात रशियातलं कुत्रंबी न्हाय."

"असंच. शिकून ठिवलेलं बरं."

बिरदेव आणि नागम्माचा नवरा शांतलिंग, दोघं सोलापूरला इंग्रजांच्या हद्दीत जाऊन भरती झाले होते. तीन वर्षं त्यांनी इराणात लॉऱ्या हाकल्या आणि तबरीजला रशियनांच्या ताब्यात दिल्या. लढाई संपल्यावर परत आले. शांतलिंग मुकाट शेतात जाऊ लागला. बिरदेवची दोन बोटं तिकडच्या थंडीनं गेली होती, आणि रशियन ड्रायव्हरांची बोली तोंडात राहिली होती. गावात ती कुणाला नको होती. म्हणून नागम्मा येऊ लागल्यावर त्याला बरं वाटलं. त्यानं तिला 'दावाय' शिकवलं. चल, दे, उचल, बरंय, सगळ्याला तेच. बारान्का म्हणजे कडक गोल पाव, पण लॉरीवाले स्टिअरिंगच्या चाकाला बारान्का म्हणत.

नागम्माला चाकाशी काही घेणं नव्हतं.

"एखादीला हाकलायचं असलं तर?"

"वोन अत्स्युदा. चालती हो हितनं."

तिनं ते तीनदा घोकलं. एवढं सगळं ती कुणासाठी शिकत होती, ते मात्र तिनं या घरात कधी काढलं नाही. घरातलं बाहेर कशाला.

त्या बाईचं नाव मारुस्या होतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नागम्मा परसातल्या आडावर पाणी शेंदत होती. शांतलिंग गोठ्याच्या दारात उभा होता. हलकेच म्हणाला, "मारुस्या." तिनं वळून पाहिलं तर त्यानं मान खाली घातली. पुढं ती शेणी थापत होती तेव्हा. मग मिरच्या वाळत घालत होती तेव्हा. हिची पाठ वळली, की याला ती आठवत होती.

बाईचंच नाव होतं, यात शंका नव्हती. बिरदेवनं एकदा आपणहून सांगितलं होतं, "तिकडं बाया लॉऱ्या हाकतात. कात्या, नीना, मारुस्या. गावागणिक एक तरी मारुस्या असतीच."

आणि शांतलिंगच्या पेटीत एक ॲल्युमिनियमचा चमचा होता. दांड्यावर सहा परकी अक्षरं कोरलेली. त्यानं तो कधी जेवायला घेतला नाही. अधूनमधून काढायचा, धोतराच्या सोग्यानं पुसायचा, परत ठेवायचा. नागम्माला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

तसाच एक चमचा आज सत्यभामानं आतून आणला. "ह्यावर माजं नाव हाय. लांब पडलं म्हणून अर्ध्यातच थांबलं."

"तिकडच्या ग्रिशा डायवरनं कोरलं," बिरदेव म्हणाला. "त्यो सगळ्यांना बायकोचं नाव इचारायचा आन् चमचा करून द्यायचा. आमच्या शांतलिंगाला लई इचारलं. गड्यानं तोंड उघडलं न्हाय. बायकोचं नाव घ्यायचं न्हाय म्हंजे न्हाय. अरं, तबरीजला कोण ऐकाय बसलंय?"

"मग त्येंच्या चमच्यावर?"

"ग्रिशानं मग आपल्याच मनचं कायतरी खरडलं. मला कुठं वाचाय येतंय."

सत्यभामा चमचा पदरानं पुसत होती. नागम्मा उठली. आपलं नाव त्यानं सांगितलंच नव्हतं. त्याच्या चमच्यावर अक्षरं मात्र सहा होती.

दुसऱ्या दिवशी शांतलिंग शेतात गेल्यावर तिनं पेटी उघडली. चमचा घेऊन आडाच्या काठावर आली.

"मिम्रा," ती चमच्याला म्हणाली. मग मनात गाईची माफी मागून, "करोवा." शेवटी, "वोन अत्स्युदा."

आणि सोडून दिला.

दुपारी शांतलिंगनं पेटी उघडली, मग सगळं घर उलथंपालथं केलं. वाढलेली भाकरी तशीच राहिली.

"माजी नथ हरवली तवा एवढं हुडकलं न्हाईस," त्याची आई सिद्धम्मा म्हणाली.

"आडात हाय," नागम्मानं चुलीपुढून सांगितलं.

शांतलिंग तसाच परसात गेला. गड्याला दोर धरायला लावला आणि आत उतरला. गेल्या साली तिची घागर याच आडात पडली होती. तेव्हा म्हणाला होता, उद्या बघू.

नागम्मानं दोन लुगडी फडक्यात बांधली.

"म्या माकणीला चालले, आत्ती. आईकडं."

"कधी येशील?"

"येत न्हाय."

"अगं, झालं तरी काय?"

"ते वर आले की त्येंनाच इचारा."

ती निघाली. शेवटचं घर मागं पडलं, मग वडाचा पार मागं पडला. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि ते जमत होतं. मग पाठीमागं धावत्या पावलांचा आवाज आला. समोरून येणाऱ्या गाडीतल्या दोघा बाप्यांनी बैल थांबवले आणि टकामका बघू लागले.

तिनं वळून पाहिलं. शांतलिंग होता. धोतरातून पाणी गळत होतं, गुडघा फुटला होता. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण त्यानं तिला कधी हाक मारली नव्हती. काही हवं असलं तर आईला सांगायचा. तिनं परत तोंड फिरवलं आणि चालू लागली.

मागं पावलं थांबली. त्याला धाप लागली होती. मग त्या दोघा बाप्यांच्या देखत, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी त्यानं हाक मारली.

"मारुस्या."

नागम्मा गर्रकन वळली. आज ती सापडली होती. तीनही शिव्या जिभेवर तयार होत्या. तिनं रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

रस्त्यावर दुसरी बाई नव्हती.