दावा आढळला नाही

“टाकीच्या पाण्यात मैला मिसळतोय,” हर्षदाने वॉर्डाच्या ग्रुपवर लिहिलं आणि प्रयोगशाळेचा अहवाल जोडला. तिची मुलगी काविळीने दवाखान्यात पडली होती.

ग्रुपवरचा प्रत्येक मजकूर तपासणाऱ्या यंत्राचं पडद्यावर पुन्हा तेच उत्तर आलं, ‘दावा आढळला. सत्यता तपासेपर्यंत मजकूर रोखला आहे.’

मघाशी तिने “पाणी तपासलंत का?” एवढंच विचारलं होतं. त्यावर नगरसेवकाच्या भावाने तिला घातलेली शिवी मात्र सगळ्या ग्रुपला दिसत होती. शिवीत दावा नसतोच, मग यंत्र तपासणार काय, कपाळ?

हर्षदाचं डोकं सणकलं. तिने अहवाल काढून टाकला आणि नगरसेवकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

‘दावा आढळला नाही. प्रसिद्ध.’

पटापट अंगठे उमटले. शेजारच्या देवधरकाकांनी लगेच लिहिलं, “आता कसं मुद्द्याचं बोललीस!”