राणीचा साज

हार चंद्रकांताबाईच्या गळ्यात सैल पडला. छातीवर बसायचं पदक पार पोटापर्यंत उतरलं, आणि शाळेच्या वर्गातल्या फळ्याला टेकून उभे असलेले नाटक मंडळाचे लक्ष्मणराव हसले.

"अरे जागेश्वर, तुझ्याच गळ्याचं माप धरलंस काय?"

माप जागेश्वरने धरलंच नव्हतं. हात दरवर्षी जसे चालायचे तसे यंदाही चालले. पितळेची दुहेरी तार दाराच्या खिळ्याला अडकवायची, काडीने पीळ देत देत अंगणभर मागे सरकायचं, मग ती पिळलेली तार छत्रीच्या काडीवर गुंडाळून तिच्या कड्या पाडायच्या. आसगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत होणाऱ्या नाटकात, अठरा वर्षं राणीचं काम त्याने केलं होतं आणि राणीचा साजही त्यानेच वळला होता. यंदा मंडळाने नागपूरहून बाई आणली. "आता लोकायले बाईच पाहिजे गड्या," असं सांगायला लक्ष्मणराव घरी आले होते. उठता उठता म्हणाले, "पण साज तुझ्याच हातचा पाहिजे बरं." त्या साजावर जागेश्वरचे पंधरा दिवस गेले होते.

लक्ष्मणराव मांडव पाहायला बाहेर पडले.

"काढा," जागेश्वर म्हणाला. "कमी करून देतो."

तिने हार काढून दिला आणि ती बाकावर बसली. तिशी ओलांडलेली, घसा बसलेली बाई. सकाळच्या एस.टी.ने पत्र्याची पेटी घेऊन एकटीच उतरली होती. तिचं जेवणाचं ताट लक्ष्मणरावांच्या घरून वर्गातच आलं होतं. ते अजून कोपऱ्यात तसंच पडलं होतं, उष्टं, वर माशा.

"तुम्हीच करत होते काय राणी?" तिने विचारलं.

"हाव."

"सकाळपासून जो येते तो तेच सांगून राहिला. जागेश्वरची राणी रडली का गावातल्या बाया घरी जाऊन जेवत नव्हत्या म्हणे."

"सांगतात तसं." त्याने पक्कड लावली आणि एक कडी तोडली. मग दुसरी. टोकं कानशीने घासून बोटाने चाचपली. "टोचलं तर सांगा."

सहा कड्या निघाल्या. कंबरपट्ट्याच्या चार. तिने हार पुन्हा गळ्यात धरला, दोन्ही हात मानेमागे नेले आणि बराच वेळ चाचपडली.

"आकडा कुठी हाये याचा?"

"समोर. पदकाच्या मागं."

"समोर काहून? हाराचा आकडा तर मागंच राहते."

जागेश्वर कानशीवरची धूळ पुसत राहिला. पहिल्या वर्षी आकडा मागेच होता. रंगाच्या खोलीत त्याने राजाचं काम करणाऱ्या तेजरामला म्हटलं होतं, जरा लावून देता का. सगळी खोली हसली. तेजरामने त्याचा गाल कुरवाळला आणि खोली आणखी हसली. आकडा शेवटी लागलाच नाही. त्या रात्री राणी हार न घालताच सिंहासनावर बसली.

"मागून लावून द्यायले कोणी नसे," तो म्हणाला. "म्हणून समोर केला."

चंद्रकांताने पदक उलटं करून आकडा पाहिला.

"तुमचा मागं नेतो. दोन मिनिटाचं काम हाये," तो घाईघाईने म्हणाला. "तुमचं काही तसं नाही. तुम्हाले कोणी ना कोणी बाई..."

आणि तो थांबला. नाटकात दुसरी बाई नव्हती. राणीची दासी कवडू करायचा.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "समोरच बरा."

तिने पदकामागे हात घातला. एकदाच. आकडा लागला. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, त्यात पिळाच्या तारा अंगभर लखलखल्या. राणी आजवर त्याला हातभर आरशातच दिसली होती, कधी नुसता गळा, कधी नुसतं कपाळ. अख्खी त्याने आजच पाहिली.

"कसं दिसते?"

"चांगलं दिसते." त्याने मान वळवली. "सिंहासनावर बसान तवा पाठ टेकवू नका. पट्टा वाकते."

"आणखी?"

आणखी पुष्कळ होतं. राजा मेल्याचं कळतं तिथे लगेच रडायचं नसतं, आधी नुसतं उठून उभं राहायचं असतं, आणि उठताना बांगड्यांचा आवाज होऊ द्यायचा नसतो.

"आणखी काही नाही," तो म्हणाला. पक्कड आणि कानशी पिशवीत टाकून तो बाहेर आला.

दिवस मावळायला अजून अवकाश होता, तरी मांडव धरून ठेवलेल्या जागांनी भरून गेला होता. मधोमध दोर बांधलेला. अलीकडे बाया, पलीकडे माणसं. दोन्हीकडे पोती, सतरंज्या, फाटकी लुगडी अंथरलेली, अगदी मागच्या खांबापर्यंत. त्याच्या शेजारची गिरजाबाई आपल्या पोत्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवत होती. त्याला पाहून तिने हाक मारली.

"जागेश्वरभाऊ, तुमचं पोतं कुठी टाकलं जी?"

त्याने पोतं आणलंच नव्हतं. मांडवात त्याला कधी जागा धरावी लागली नव्हती. त्याने दोराच्या अलीकडे पाहिलं, मग पलीकडे पाहिलं.

"पाहीन उभा राहून," तो म्हणाला.

गिरजाबाईच्या हातातला दगड हातातच राहिला.

"उभ्यानं? सकाळ होईतोवर चालते नाटक, भाऊ."