बोरीमावशीला न जमलेला टाका

ट्रान्सिल्व्हानियातल्या आमच्या गावात आई आणि शेजारची बोरीमावशी चाळीस वर्षं एकच खेळ खेळल्या. एकीने साध्या साखळीटाक्यात काहीतरी खोडी करायची, दुसरीने कापड न उलटता ती ओळखून तसाच टाका घालायचा. आई गेली. तिने भरलेला शेवटचा अभ्रा समोर ठेवून मावशी आठ दिवस आपल्या कापडावर टाके घालत होती, उसवत होती. "उलटून बघ की मावशी, आई काय भांडायला येणारेय?" "लबाडी करू होय? वर गेले की हिणवेल मला मेली!" मी कॉफी करायला आत गेले. परतताना दारातूनच दिसलं: मावशीने सुई दोन कड्या मागे नेली, दोऱ्याला पीळ दिला आणि आईचा टाका सरसर, बिनचूक सात वेळा घातला. मग सातही उसवले. मला पाहून म्हणाली, "अजून नाही गं जमत. राहू दे अभ्रा माझ्यापाशीच."