राऊटरमध्ये जीव आला

सहा महिन्यांचा अभिराम तासातासाला दचकून का उठतो, या काळजीनं मैत्रेयीचा जीव अर्धा झाला होता. इंटरनेटवर शोधावं म्हटलं, तर राऊटरचं अपडेट चालू असतानाच हिंगणघाटातली वीज गेली आणि राऊटर पार मुका झाला. मग इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री पणाला लावून तिनं तो खोलला, आतल्या तपासणीच्या पिनांना वायरी जोडल्या आणि दोन दिवस खपून, कॉम्प्युटरवरून त्याच्यात पुन्हा जीव आणला. लगेच प्रश्न टाइप करायला बसली.



"बटनं हळू दाब व माय," पाळण्याजवळून सासूबाई कुजबुजल्या, "दोन दिवसापासून मस्त झोपून राह्यला तो. तू त्या डब्ब्यात गुंतली, तं श्वास चालू हाय का पाहाले त्याले कोणी हलवलंच नाई!"